ओली पाटी

वडगावात कोष्ट्यांच्या बोळात एक तळघर आहे.
वर पूर्वी सायझिंगचा कारखाना होता.
पायऱ्या उतरताना अजून खळीचा आंबूस वास येतो.
शनिवारी तिथं पोरं गातात म्हणे.

गातात कसली.
ढवळ्यांचा सुनीत मोडक्या मागाचा धोटा
ताणलेल्या तारेवरून मागंपुढं फिरवतो.
कॅम्पातली इनेज फ्रिजची मोटर उघडून
तिच्याजवळ ओठ नेऊन गुणगुणते,
मोटर बिघडली तर तीही बिघडते.
मकानदारांची शगुफ्ता उद्यमबागेतून
लेथचा कीस आणते पिशवीभर
आणि परातीत ओतते. चिमूट चिमूट. अर्धा तास.
वीसेक माणसं, मांडी घालून.
मध्ये कोणी खोकत नाही.

मी परसू पेंटर.
चाळीस वर्षं या गावच्या पाट्या रंगवल्या.
आधी दोन्ही लिप्या सारख्या,
मग कन्नड मोठं, मराठी बोटभर,
मग रात्री बोलावणं : तेवढं पुसून द्या,
पहाटे दुसऱ्याचं : तेवढं काढून द्या.
पैसे दोघांचेही घेतले. खोटं कशाला सांगू.
मग फ्लेक्स आला,
आणि माझ्या दोन्ही भाषा एकाच पावसाळ्यात घरी बसल्या.

सुनीत म्हणाला, मामा, तळघराला पाटी पायजे.
म्हटलं, कुठल्या भाषेत?
तेच ठरत नाही की गा,
म्हणून तर दोन वर्षं पाटी नाही.
तुम्ही असं करा,
खाली येऊन रंगवा. लोकांसमोर.
दिवे घालवून.

मला वाटलं, पोरगं पिऊन आलंय.

तीन बाय दोनचा पत्रा.
त्याच्या पाठीला त्यांनी रुपयाएवढी चकती चिकटवली,
चकतीतून वायर, वायरीतून चार खोकी.
डब्याचं झाकण उचकटलं
तर भिंतीतून कुणी दार फोडल्यागत झालं.
मीच दचकलो.
मग खारीच्या केसांचा ब्रश टेकवला.

काय सांगू.
ओल्या गवतातून म्हैस चालावी तसा ब्रश चालला.
वळणावर रंग चिकटून सुटायचा तो आवाज,
गाठीपाशी थांबायचा तो,
केस फाकल्यावर दुहेरी होणारा तो.
चाळीस वर्षं मी हे वाजवत होतो
आणि वर रस्त्यावर ट्रक चालले होते.

पहिल्या रांगेत म्हातारा रुद्राप्पा कुजबुजला :
इदु तलकट्टु.
मागून कोण तरी :
छे गा, मात्रा हाय ती.
मग सगळेच गप्प.
कळलं मला,
सगळे शिरोरेषेची वाट बघतायत.
लांब, सरळ, एका दमाची रेघ.
ती आली तर एक,
नाही आली तर दुसरं.

मी ब्रश भरून घेतला.
उगाच डब्याच्या काठावर दोनदा पुसला,
तेवढं नाटक मलाही येतं.
आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली रेघ.
कुणीतरी सुस्कारा सोडला.

रेघ मी वर ओढली की खाली
ते अंधारात मला तरी कुठं दिसत होतं.

दिवे लावायच्या आधी शगुफ्तानं पत्रा उचलला
आणि ओली बाजू भिंतीकडं करून
खिळ्याला टांगला. तसं आधीच ठरलं होतं, मला सोडून.
आता पायरी उतरलं की पत्र्याची पाठ दिसते,
गंजाचे दोन डाग, चकतीचा गोंद.
मागं चुन्यावर जे उमटलं असेल
ते उलटं असणार,
आणि वडगावची ओल काही फार दिवस ठेवत नाही.

दारात इनेजनं रंगाचे तीनशे विचारून दिले.
ब्रश रॉकेलमध्ये बुडवून घरी आलो.

सुनीतनं ते सगळं मोबाईलवर पाठवलं.
चंपा भाकरी थापत होती, तिला ऐकवलं.
म्हणाली, उंदीर लागलेत काय कुठं?
मग हात थांबवून म्हणाली,
थांबा.
इथं तुम्ही श्वास धरलाय.
म्हणजे आता लांब रेघ.

रेघ आली.
ती परत पीठ घेऊन बसली.

मी तिला सांगितलं नाही
की श्वास मी
पुसतानाही धरतो.